मीटरबाईंचं अंगण

एकतीस वर्षं मान खाली घालून चाललेल्या माणसाला जे दिसतं, ते मीटरबाईंना दिसलं होतं. पाणीपुरवठा खात्यात त्यांचं काम एकच, घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचायचे. आता मीटर काही डोळ्यांच्या उंचीवर टांगलेला नसतो. तो असतो भिंतीच्या बुडाशी, खड्ड्यात, लोखंडी झाकणाखाली, आणि त्या झाकणावर घरमालकानं हमखास कुंडी, मोडकी सायकल, नाहीतर कुत्रा बसवलेला असतो. बाई कुत्र्याला उठवायच्या, झाकण काढायच्या, आकडा टिपायच्या आणि पुढच्या घराकडे वळायच्या. पायाला भिंगरी होती आणि नजर कायम जमिनीवर.

त्यामुळे गावातल्या माणसांपेक्षा गावातलं तण त्यांच्या जास्त ओळखीचं झालं. कुठल्या गटाराच्या कडेला कुर्डू उगवतो, कुठल्या दवाखान्याच्या कुंपणाला रुई टेकून उभी आहे, कुठल्या पायरीच्या फटीतून इवल्या निळ्या फुलांची विष्णुक्रांता डोकावते, सगळं पाठ. भर उन्हाळ्यात सगळीकडे करपलेलं असताना एखाद्या झाकणाभोवती गवत हिरवंगार दिसलं की बाई दार वाजवून सांगायच्या, "तुमचा पाइप गळतोय." दहातल्या नऊ वेळा तो गळत असायचा.

अशा या बाई निवृत्त झाल्या आणि त्याच महिन्यात नवरा-बायको भाड्याच्या दोन खोल्या सोडून स्वतःच्या घरात राहायला आले. घर बेताचंच. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि पुढे सतरा पावलं लांब, अकरा पावलं रुंद असं मोकळं अंगण. मोकळं म्हणजे अगदी मोकळं. बांधकामवाल्यानं जाता जाता तिथे विटांचे तुकडे आणि एक फुटकं घमेलं तेवढं ठेवलं होतं.

यजमानांचं चष्म्याचं दुकान होतं, म्हणून सगळे त्यांना चष्मेवाले म्हणत. स्वभावानं गरीब गाय. आणि त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे बाईंचे दीर, यांची गावाच्या टोकाला मोठी रोपवाटिका. घरात पाऊल टाकल्या टाकल्या दिरांनी अंगणाकडे एक नजर टाकली आणि फर्मान काढलं.

"वहिनी, इथे हिरवळ. कडेनं बुटकी लाल पानांची झाडं, आणि फाटकाशी दोन ताड. परदेशी जातीचे, सरळसोट. माझ्याकडून भेट. तुम्ही फक्त खुर्ची टाकून बसायचं."

"भाऊजी," बाई म्हणाल्या, "मला इथलंच काहीतरी लावायचंय."

"अहो, सगळं इथल्याच रोपवाटिकेतलं आहे की!"

"तसं नव्हे. इथलं म्हणजे इथल्या मातीत कुणी न सांगता उगवणारं. रुई, कुर्डू, निर्गुडी, विष्णुक्रांता."

दिरांनी आधी वहिनीकडे पाहिलं, मग भावाकडे. मग हसले. वहिनी थट्टा करताहेत असं त्यांना वाटलं.

थट्टा नाही हे पहिल्यांदा चष्मेवाल्यांच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई खडू घेऊन अंगणात उतरल्या. घराची सावली कुठवर येते तिथे रेघ, दुपारी पुन्हा रेघ, संध्याकाळी पुन्हा. असं तीन दिवस. पायाखालची माती मुठीत धरून, भिजवून, वळून पाहिली. पावसाचं पाणी कुठून कुठे वाहील ते बघायला बादलीभर पाणी फाटकाशी ओतलं आणि ते जाईल तिकडे त्याच्या मागोमाग चालत गेल्या. मग दुकानातला नजर तपासायचा जुना तक्ता मागवला, उलटा केला आणि त्याच्या पाठीवर नकाशा काढला. मागे भिंतीशी उंच झाडं, मधे कमरेएवढी, पुढे भुईला धरून पसरणारी. पाणी साठणाऱ्या कोपऱ्यात ओल सोसणारं गवत. मधून वाकडी पायवाट, त्याच विटांच्या तुकड्यांची. आणि पाखरांसाठी उथळ थाळा.

चष्मेवाल्यांनी नकाशा हातात धरून लांब केला, जवळ आणला.

"म्हणजे लोक जे उपटून फेकतात, ते तू लावणार?"

"हो."

"आणि लोक जे विकत आणून लावतात?"

"ते त्यांच्या घरी छान दिसतं."

"अगं, पण रुई? तिचा चीक डोळ्यात गेला तर काय होतं ठाऊक आहे? माझ्याकडे आली आहेत तशी माणसं. डोळा गेलाच म्हणून समज."

इथे मात्र बाईंना पटलं, कारण माणूस बरोबर बोलत होता. त्यांनी पेन घेतलं, फाटकाशी काढलेली रुई खोडली आणि मागच्या कोपऱ्यात, कुणाचा हात लागणार नाही अशी काढली. चष्मेवाल्यांनी दुकानातून वेल्डिंगवाले लावतात तसला बंदिस्त चष्मा आणून दिला. अट एकच, रुईजवळ जाताना हा लावायचा.

मग बी गोळा करणं सुरू झालं. बाई आपल्या जुन्या वाटेवर निघाल्या, खांद्याला तीच झोळी. फरक एवढाच की टिपणवहीच्या जागी आता चष्म्यांच्या रिकाम्या डब्या होत्या. खट्‌कन बंद होणाऱ्या, बी न सांडणाऱ्या. पहिल्याच घरी, भिंतीशी वाकलेली बाईंची पाठ पाहून एक गृहस्थ बनियनवर धावत बाहेर आले.

"पाणी तोडायला आलात?"

"नाही हो. मी निवृत्त झाले. तुमच्या गटाराकडेचा कुर्डू हवाय."

"काय हवंय?"

"हे. याचे वाळलेले तुरे."

गृहस्थांनी कुर्डूकडे असं पाहिलं, जणू तो आत्ताच उगवला. मग आवाज खाली आणून विचारलं, "औषधी आहे का? मग थोडं आम्हालाही ठेवा."

दुसरीकडे एका शिंपीणबाईंनी मशीन थांबवून विळा आणला आणि निर्गुडीच्या एवढ्या फांद्या छाटून दिल्या की झोळी पुरेना. "न्या, न्या. माझ्या कापडांवर सारखी पानं पडतात." शाळेच्या शिपायानं विष्णुक्रांता मातीच्या ढेकळासकट काढून दिली. एका घरातल्या आजोबांनी मात्र साफ नाही म्हटलं. त्यांना त्या झुडपाचं नावही माहीत नव्हतं, पण मीटरबाई मागताहेत म्हणजे काहीतरी मोलाचं असणार, या हिशोबानं त्यांनी दुसऱ्या दिवशी त्याला कुंपण घातलं.

असे बारा-तेरा दिवस गेले. एका संध्याकाळी बाई घरी आल्या, फाटक उघडलं आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या.

अंगणभर हिरवळ. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, गालिचा अंथरावा तशी. फाटकाशी दोन ताड, पहारेकऱ्यांसारखे. खडूच्या रेघा नाहीत, पायवाटेची खूण नाही, काही नाही. ओसरीवर चष्मेवाले बसले होते, खुर्चीच्या अगदी टोकावर.

"तुझे भाऊजी आले होते," ते म्हणाले.

"दिसतंय."

"सात माणसं घेऊन आला. दोन तासांत सगळं. मी नको म्हणालो होतो."

"कसं म्हणालात?"

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मनात."

बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर चष्मेवाल्यांना सुटल्यासारखं वाटलं असतं. त्यांनी झोळी खुंटीला लावली, हातपाय धुतले, मुकाट्यानं जेवल्या. जेवताना एकदाच म्हणाल्या, "उद्या पहाटे पाचला उठायचंय तुम्हाला. जुने कपडे घाला."

पहाटे नवरा-बायकोनं हिरवळ सोडवायला घेतली. सतरंजीसारख्या गुंडाळ्या होतात तिच्या, पण सतरंजीला खाली दोन बोटं ओली माती चिकटलेली नसते. चौथ्या गुंडाळीला चष्मेवाल्यांची कंबर बोलायला लागली. दहाव्या गुंडाळीला ते स्वतः बोलायला लागले. "माझा भाऊ आहे म्हणून सांगत नाही, पण तो लहानपणापासून असाच. माझ्या ताटात न विचारता वाढायचा." बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाखवलं नाही. एकूण बावीस गुंडाळ्या आणि दोन ताड शेजारच्या गादीवाल्याच्या टेम्पोत चढवले. निघण्याआधी बाईंनी सगळ्यांवर पाणी शिंपडलं. झाडांवर राग काढायचा नव्हता.

रोपवाटिकेचं कुलूप उघडायला दीर आले, तर फाटकाशी आपलीच भेट रचून ठेवलेली. तासाभरात फोन वाजला.

"वहिनी, घरी आलेली भेट कुणी परत पाठवतं का?"

"भाऊजी, न विचारता कुणी भेट अंथरतं का?"

"माझ्या सख्ख्या भावाच्या दारात रान माजलेलं पाहून गिऱ्हाईकं काय म्हणतील, याचा विचार केलात?"

"नाही केला," बाई म्हणाल्या, कारण खरंच केला नव्हता. फोन ठेवल्यावर मात्र केला. बराच वेळ केला. दीर आगाऊ होते, पण वाईट नव्हते. चष्मेवाल्यांच्या आजारपणात नऊ रात्री त्यांनीच दवाखान्याच्या बाकावर बसून काढल्या होत्या. आणि अंगणाची जमीन तर कुठे गेली नव्हती. खडूच्या रेघा पुन्हा मारता येत होत्या, आणि त्यांनी त्या मारल्या. दीर तेव्हापासून यायचे बंद झाले.

पावसाच्या तोंडावर बाईंनी बी पेरलं, फांद्या खोवल्या. आणि पुढचे सहा आठवडे अंगणात जे दिसलं त्याला बाग म्हणणं म्हणजे टकलाला केशसंभार म्हणण्यासारखं होतं. निम्मं बी उगवलंच नाही. निर्गुडीच्या अकरा काड्यांपैकी चार जगल्या. येणारे-जाणारे फाटकाशी थांबून विचारायचे, "काम अजून चालू आहे का?" चष्मेवाले पाय टाकण्याआधी विचारायचे, "हे झाड आहे की असंच?"

"सगळं असंच आहे," बाई म्हणायच्या.

एक घोडचूकही झाली. गुळवेल त्यांनी हौसेनं लावली होती, भिंतीवर चढेल म्हणून. गुळवेलीला भिंत पसंत पडली नाही. ती कपड्यांच्या दोरीवर चढली. बाई आठवडाभर तापानं पडून होत्या, तेवढ्यात तिनं दोरी घेतली, दोरीवरचा एक टॉवेल घेतला आणि शेजारच्या क्लॅरिनेटवाल्या मास्तरांच्या खिडकीत हात घातला. मास्तर बँडमध्ये वाजवायचे, दुपारभर सराव करायचे. ते वाजवता वाजवता खिडकीशी आले आणि म्हणाले, "बाई, तुमची वेल माझी गाण्यांची वही उलटतेय." बाईंनी शंभरदा माफी मागितली, वेल बुडापासून छाटली. ओळख असणं वेगळं आणि संसार करणं वेगळं, हे त्यांना तेव्हा कळलं. रस्त्यावर भेटणारी गुळवेल कधी त्यांच्या घरी मुक्कामाला आली नव्हती.

मग पाऊस ओसरता ओसरता बाग एकदम अंगावर आली. कुर्डूचे पांढरे-गुलाबी तुरे कमरेपर्यंत. विटांच्या फटीफटीतून विष्णुक्रांतेचे निळे ठिपके. ओल्या कोपऱ्यातलं गवत तर वाऱ्यावर असं हलायचं की चष्मेवाले दुकानाला निघताना दोन मिनिटं उगाच थांबायचे. आणि एक दिवस ते मागच्या कोपऱ्यातून धावत आले.

"अगं, रुईला किडे लागलेत! पट्ट्यापट्ट्यांचे! पानंच्या पानं फस्त. चिमटा दे, काढून टाकतो."

"हात लावू नका," बाई म्हणाल्या. "डोळ्याला चष्मा लावा आणि नुसतं बघा."

त्या बघण्यानं घात केला. चष्मेवाल्यांनी आयुष्यभर लोकांना बघायला मदत केली होती, स्वतः असं काही बघितलं नव्हतं. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर पिवळे ठिपके असलेल्या त्या अळ्या, त्यांचं पान कडेनं कुरतडणं, मग एका सकाळी फांदीखाली लटकलेला पोपटी कोष आणि त्यावरचे सोनेरी कण. काच बसवताना डोळ्याला लावायचं भिंग त्यांनी दुकानातून घरी आणलं. दुकान अर्धा तास उशिरा उघडायला लागलं. दारावर पाटी लागली, "मालक कामात आहेत." नवव्या दिवशी कोषातून नारिंगी फुलपाखरू बाहेर आलं, पंख वाळवत तासभर बसलं, आणि चष्मेवाले त्याच्यासमोर स्टूल टाकून तासभर बसले. ते उडालं तेव्हा त्यांनी नकळत हात हलवला. बाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे पाहिलं आणि कुणाला म्हणून सांगितलं नाही.

उन्हाळा आला. त्या वर्षी तो जरा जास्तच आला. पाणी दिवसाआड, तेही तासभर, आणि बागांना पाइप लावायला बंदी. बाई निवृत्त असल्या तरी खात्यातल्या जुन्या सहकारी फोन करून सांगायच्या, टाकीत किती उरलंय ते. गावातल्या हिरवळी आठवड्याभरात पिवळ्या आणि पंधरवड्यात भुऱ्या झाल्या.

एका सकाळी फाटक वाजलं. दीर. हातात एक नवंकोरं खुरपं, जणू तेच द्यायला आलेत.

"सहज चाललो होतो इकडून," ते म्हणाले. त्यांचं घर आणि रोपवाटिका दोन्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला होती.

"या ना भाऊजी. चहा टाकते."

चहा होईपर्यंत दीर विटांच्या वाटेवरून सावकाश फिरले. तुरे वाळले होते, गवत सोनेरी पडलं होतं. पण निर्गुडी हिरवी होती, रुई तर तजेलदार, आणि वाळल्या कुर्डूवर बारीक चोचींची आठ-दहा पाखरं लोंबकळत बी टिपत होती.

"अर्धी बाग वाळलीये, वहिनी," ते कप हातात घेत म्हणाले. आवाजात थोडी आशा होती.

"हो. बी टाकून मोकळी झाली ती. पावसात येतील पुन्हा."

"पाणी किती घालता?"

"भांडी विसळल्याचं. फक्त त्या थाळ्यात चांगलं, पाखरांसाठी."

दिरांनी चहा संपवला. कप बशीत ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मग एका दमात बोलून टाकलं. "ती दातांची डॉक्टर आहे ना, चौकातली. तिच्या दवाखान्यापुढे तीनदा हिरवळ लावली मी. तीनदा जळली. काल म्हणाली, तुमच्या भावाच्या घरी आहे तसं करून द्या. मी म्हटलं, ते काय, त्यात काही विशेष नाही. ती म्हणाली, मग द्या करून." त्यांनी कपाळ पुसलं. "मला यातल्या निम्म्या झाडांची नावंसुद्धा येत नाहीत, वहिनी. तीस वर्षं झाली या धंद्यात. मी ही झाडं फक्त उपटली आहेत."

चष्मेवाले दारात उभे होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं. आता ही काय बोलणार, या काळजीनं त्यांचा जीव टांगणीला लागला.

बाईंच्या जिभेवर पुष्कळ काही आलं. बावीस गुंडाळ्यांचं ओझं त्यांच्या खांद्यालाही आठवत होतं. पण समोर बसलेल्या माणसाचे कान लाल झाले होते, आणि ते लहान मुलासारखे चुळबुळत होते.

"मला झाडं ओळखता येतात, वाढवता येत नाहीत," बाई म्हणाल्या. "अकरातल्या सात काड्या मेल्या माझ्या. निम्मं बी वाया गेलं. का ते कळलं नाही."

दीर ताठ झाले. "काड्या कशा लावल्या होत्या?"

"अशाच. जमिनीत खोवल्या."

"खालचा काप तिरका दिला होता? फांदीवरच्या डोळ्याच्या बरोबर खाली?"

"नाही."

"पानं काढली होती?"

"थोडी ठेवली. बरी दिसतात म्हणून."

"अरेरे!" दीर उठूनच उभे राहिले. "वहिनी, अहो मुळं नसताना पानं ठेवली तर ती बिचारी पाणी कुठून आणणार? आणि बी? कडक सालीचं बी कोमट पाण्यात रात्रभर भिजवल्याशिवाय कुणी पेरतं का?" वर्षभराचा अबोला गेला कुठल्या कुठे. ते निर्गुडीपाशी जाऊन उकिडवे बसले, खिशातून चाकू काढला आणि कापता कापता थांबले. मान वळवून म्हणाले, "एक फांदी कापू का?"

"कापा की," बाई म्हणाल्या.

त्या उन्हाळ्यात रोपवाटिकेच्या मागच्या जाळीखाली एक नवा वाफा सुरू झाला. बाई बी आणायच्या आणि कुठलं झाड उन्हात, कुठलं ओलीत, कुठलं कुणाच्या शेजारी ते सांगायच्या. दीर ते जगवायचे. भांडणं रोज व्हायची. दिरांना रोपांना रंगीत पिशव्या हव्या होत्या, बाईंना नको होत्या. दिरांना रुई दर्शनी भागात ठेवायची होती, बाईंनी ती मागे नेऊन ठेवली, शेजारी इशाऱ्याची पाटी लावून. गुळवेल मात्र दोघांनी एकमतानं ठेवली नाही.

पाऊस लागायच्या आधी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याचं काम निघालं. गादीवाल्याच्या टेम्पोत पुढे तिघं दाटीवाटीनं बसले. चष्मेवाल्यांनी दुकान बंद ठेवलं होतं. त्यांच्यावाचून तिथे काही अडणार नव्हतं, पण त्यांना यायचं होतं. दुपारपर्यंत जळलेली हिरवळ निघाली, माती फिरली, एकशे चाळीस रोपं जमिनीत गेली. इवली इवली, दोन दोन पानांची.

डॉक्टरीणबाई दोन रुग्णांच्या मधे हातमोजे घालूनच बाहेर आल्या. त्यांनी मातीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"एवढंच?"

बाई तोंड उघडणार, तोच दीर पुढे झाले. "मॅडम, सहा आठवडे काही दिसणार नाही. लोक हसतील, हसू द्या. कुणी अळी पाहून ओरडलं तर काढायची नाही. मागच्या कोपऱ्यातल्या झाडाला कुणी हात लावायचा नाही, डोळ्याला वाईट असतं. आणि उन्हाळ्यात वाळलं म्हणून उपटायचं नाही. बी टाकून मोकळी होतात ती." मग क्षणभर थांबून, अगदी अनुभवी माणसाच्या सुरात, "अहो, या झाडांचा मला फार जुना अभ्यास आहे."

चष्मेवाल्यांना ठसका लागला. बाईंनी पदरानं तोंड पुसण्याचं निमित्त केलं आणि टेम्पोच्या सावलीत जाऊन बसल्या. पाण्याची बाटली काढली, घोटभर प्यायल्या. भाऊजी बोलत होते, डॉक्टरीणबाई ऐकत होत्या. बोलत होते ते मात्र छान, बाईंना वाटलं. आपल्याला इतकं छान बोलता आलं नसतं. त्यांनी चपला काढल्या आणि मातीनं भरलेले पाय लांब केले.